झोळींतली दुलई आणि हिशेबी टीकाकार

अमेरिकेंतील अरण्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भटक्यांचा एक नवाच पंथ वाढीस लागला आहे. या पंथाचे लोक पाठीवर मोजकें ओझें घेऊन दिवसभर डोंगर तुडवितात, आणि रात्र पडली म्हणजे तंबू न ठोकतां दोन झाडांमध्यें झोळी टांगून तींत निजतात. एवढ्यावर हें थांबतें तर त्याविषयीं लिहिण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु यांतील कांहीं मंडळी त्या झोळींत थंडी वाजूं नये म्हणून लागणारी दुलई बाजारांतून न आणतां घरीं शिवतात. आणि तीही साधी कापसाची नव्हे, तर पाळीव हंसाच्या छातीवर मोठ्या पिसांखालीं जी अतिशय हलकी लव असते ती भरलेली. कागदासारखें पातळ नायलॉनचें कापड आणावयाचें, जेवणाचें मेज मोकळें करून त्यावर तें बेतावयाचें, जुन्या शिवणयंत्रावर रात्री-अपरात्री टीप घालीत बसावयाचें, आणि शेवटीं न्हाणीघराचें दार लावून घेऊन, पंखा बंद करून, आंत गुंजामाशांच्या काळजीनें लव तोलून भरावयाची, असा हा उद्योग आहे.

या उद्योगाची थट्टा करणें फार सोपें आहे, आणि ती होतेही. थट्टा करणाऱ्यांत अग्रेसर म्हणजे हिशेबी टीकाकार. तो म्हणतो, "बाजारांत उत्तम दुलया मिळतात. त्या शिवणारे लोक तेंच काम रोज करितात. त्यांचें यंत्र चांगलें, हात बसलेला, माल घाऊक भावानें घेतलेला. असें असतां इतके तास खर्ची घालून त्यांच्याहून वांकडी दुलई घरीं शिवण्यांत शहाणपण कोणतें? तेवढ्या तासांत हा गृहस्थ आपल्या धंद्यांत जें मिळवील त्यांत दोन दुलया येतील!" हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. पापड, लोणचीं, विणकाम, शिवण या सर्वांवर तो आपल्याकडेही लागूं झालेला असून त्यानें आपल्या घरांतून एकेक कौशल्य निकालांत काढिलें आहे. तेव्हां परदेशांतील एका दुलईच्या निमित्तानें त्याचा समाचार घेणें अप्रस्तुत होणार नाहीं. मात्र या उद्योगाच्या वकिलांचें वकीलपत्र आम्हीं घेतलें आहे असा कोणी समज करून घेऊं नये. त्यांच्या कांहीं कैफियती टीकाकाराच्या आक्षेपांहूनही लंगड्या आहेत, आणि त्यांचाही परामर्श पुढें यावयाचा आहे.

प्रथम मुळांत ही दुलई लागते कां तें पाहूं. झोळी ही वस्तु उष्ण प्रदेशाची. कोलंबस १४९२ सालीं कॅरिबियन बेटांवर पोंचला तेव्हां तेथील ताइनो लोक झोळ्यांत निजतांना त्याच्या मंडळीस दिसले; त्यांचा 'हमाका' हा शब्दच थोड्या फरकानें युरोपच्या भाषांत शिरला, आणि ती वस्तु पुढें गलबतांवर खलाशांचें अंथरूण झाली. दमट जमीन, मुंग्या, विंचूकांटा यांपासून दूर, खालून वारा खेळतो आहे अशा जागीं निजण्याचें सुख उष्ण देशांत कोण नाकारील? पण तीच झोळी उत्तरेकडे नेली कीं तो खालून खेळणारा वाराच वैरी होतो. हवा वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरली एवढ्यानेंच पुष्कळांची पाठ गार पडूं लागते. आपल्याकडे तान्ह्या मुलाला लुगड्याच्या झोळींत निजविणारी आई हें शास्त्र न शिकतां जाणते. मूल आंत ठेवण्यापूर्वीं ती दुपटें घालते. तान्हें मूल चार-सहा शेरांचें. त्याच्या भारानें दुपटें चेंगरत नाहीं. प्रौढ मनुष्य लवेच्या पिशवींत शिरून झोळींत निजला कीं त्याच्या पाठीखालची लव त्याच्याच वजनानें चपटी होते. आणि चपटी झालेली लव निरुपयोगी. कारण लव स्वतः ऊब देत नाहीं, ती आपल्या तंतूंच्या गुंत्यांत हवा स्थिर करून ठेवते, आणि ऊब राखते ती ही स्थिर हवा. यावर तोड निघाली ती अशी कीं, दुलई झोळीच्या आंत न घालतां बाहेरून, तिच्या पोटाखालीं टांगावी. तेथें ती कोणाच्याही अंगाखालीं येत नाहीं आणि फुललेलीच राहते. मग वरून पांघरावयाची दुसरी दुलई पाठीकडे उघडी असली तरी चालते. जेथें लव दबूनच जावयाची तेथें ती भरावयाची कशाला? इतकी सरळ ही कल्पना आहे, आणि सरळ कल्पना सुचण्यास जसा नेहमीं विलंब लागतो तसा हिलाही लागला.

आतां 'बाजाराला अधिक कळतें' या सिद्धांताकडे वळूं. १९२२ सालच्या एव्हरेस्टच्या मोहिमेंत जॉर्ज फिंच नांवाचा एक गिर्यारोहक होता. हा रसायनशास्त्रज्ञ. त्यानें विमानविद्येंतील फुग्याचें कापड घेऊन त्यांत एक जातीच्या समुद्री बदकाची लव भरविली आणि आपल्या कल्पनेप्रमाणें एक अंगरखा करविला. त्या काळीं सभ्य गिर्यारोहक लोंकरी कोट आणि गळपट्टे घालून हिमालयावर जात. त्यांनीं फिंचच्या या फुगीर वेषाची चेष्टा केली. त्याच मोहिमेंत फिंच आणि जेफ्री ब्रूस हे २७,००० फुटांहून उंच, म्हणजे तोंपर्यंत कोणीही गेला नव्हता इतके वर गेले, आणि चेष्टा करणारांनाही त्या अंगरख्याचा हेवा वाटूं लागला. पुढें १९३६ सालीं अमेरिकेंत एडी बॉवर यानें लव भरलेला शिवणीचा अंगरखा विक्रीस काढला. त्याच्याही मागें मासेमारीच्या सफरींत थंडीनें स्वतःचा जीव जातां जातां वांचल्याची हकीकत आहे. सारांश, ज्या मालाच्या जोरावर बाजार आज घरांतल्या शिवणाऱ्याला हंसतो तो माल बाजाराला सुचलेला नाहीं. तो कोणाला तरी थंडी वाजली म्हणून निर्माण झाला. झोळीखालच्या दुलईचेंही तेंच. ती विकणाऱ्या छोट्या कारखानदारांपैकीं कित्येकांनीं पहिली दुलई आपल्या घरच्या मेजावर शिवली होती. ज्या फांदीवर बसावयाचें तिलाच कुऱ्हाड लावणें म्हणतात तें हेंच.

आमच्या वाचकांतील ज्यांनीं हातांत सुई धरली आहे त्यांच्यासाठीं या शिवणीचें मर्म थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें. लवेची दुलई शिवणें म्हणजे दोन कापडांना धावदोरा घालणें नव्हे. आमची गोधडी तशी होते, आणि ती तशीच व्हावी. कारण जुन्या लुगड्यांचे थर टांक्याखालीं दबले तरी थरच राहतात. लवेच्या दुलईंत आरपार टीप घातली कीं त्या रेघेवर लवेची जाडी शून्य होते आणि थंडी नेमकी त्या रेघेनें आंत येते. म्हणून वरचें कापड व अस्तर यांच्यामध्यें मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीच्या पट्ट्या उभ्या शिवून कप्पे करावे लागतात. दोन इंच जाडी हवी तर पट्टी दोन इंच उंच, शिवाय दोन्हीं कडांस शिवणींत जाणारी माया वेगळी. अशा डझनभर पट्ट्या, प्रत्येक दोनदां शिवावयाची, तीही निसरड्या कापडावर! कापड असें हवें कीं त्याच्या विणींतून लव बाहेर डोकावूं नये. याकरितां तें तापल्या रुळांखालून दाबून काढलेलें असतें. सुई शक्य तितकी बारीक, कारण प्रत्येक छिद्र म्हणजे लवेला पळून जाण्यास एक दार. बाहेरचें कापड आंतल्याहून किंचित् मोठें कापावें, नाहीं तर दुलई झोळीच्या पोटाभोंवतीं वांकली म्हणजे तें ताणलें जाऊन आंतल्या लवेला दाबतें. दोन्हीं टोंकांस नेफा. नेफ्यांत लवचिक दोरी. ही दोरी फार ओढली तर दुलई चेंगरते, सैल सोडली तर मध्यें पोकळी राहून वारा शिरतो; पहिल्या दोन-चार रात्री ती नीट लागत नाहीं आणि शिवणारा आपल्या कर्माला दोष देत कुडकुडतो.

लवेचा हिशेब तर मोठा मौजेचा आहे. एक औंस लव, म्हणजे सुमारें अडीच तोळे, मोकळी सोडली असतां किती घन इंच जागा व्यापते त्यावर तिची प्रत ठरते. आठशें घन इंच व्यापणारी लव उत्तम समजली जाते; म्हणजे अडीच तोळ्यांत सव्वानऊ इंच बाजूचा ठोकळा भरतो! समजा दुलई ५२ इंच रुंद, ७८ इंच लांब आणि दोन इंच जाड करावयाची आहे. घनफळ ८,११२ घन इंच झालें. त्याला आठशेंनीं भागिलें कीं दहा औंसांहून किंचित् अधिक. लव कोपऱ्यांत सरकते, घामानें व दमटपणानें थोडी बसते, म्हणून विसांश नव्हे तर चांगली पंचमांश जास्त घ्यावी. म्हणजे बारा औंस, सुमारें ३४५ ग्रॅम, आपल्या तीस तोळ्यांच्या आंत. सहा इंची तेरा कप्पे पाडले तर प्रत्येकास साडेसव्वीस ग्रॅम. हें सोनाराच्या तागडीचें काम आहे. आणि तें करतांना शिंक आली तर काय होतें याचें वर्णन करण्याची गरज नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत येते. हा आठशेंचा आंकडा प्रयोगशाळेंत काढतात तो लव वाफेनें किंवा अन्य रीतीनें फुलवून, नळकांड्यांत घालून, तिच्यावर ठराविक वजनाची चकती ठेवून. फुलविण्याची रीत बदलली कीं आंकडा बदलतो. तयार दुलई घेणारा हा आंकडा चिठ्ठीवर वाचतो आणि समाधान पावतो. कोणत्या कप्प्यांत किती लव गेली आहे हें त्याला कळावयास मार्ग नसतो, आणि कळावें अशी इच्छाही नसते. शिवणाऱ्याला मात्र तेराही कप्प्यांचें वजन ठाऊक असतें. हिशेबी टीकाकाराची आम्हांस गंमत वाटते ती येथें. पैशाचा हिशेब तो पैपर्यंत मांडतो, आणि ज्या वस्तूंत निजावयाचें तिच्या पोटांत काय आहे हा हिशेब मात्र दुकानदारावर सोंपवितो!

आतां त्याच्या मुख्य आक्षेपाकडे येऊं. दुलई घरीं शिवल्यानें पैसे वांचतात, असें या उद्योगाचे वकील सांगत फिरतात. तें खरें मानूं नये. लव ही महाग वस्तु. कापड, जाळी, दोरा हें सर्व किरकोळ भावानें घ्यावें लागतें. एकटी सामग्रीच पुष्कळदां तयार दुलईच्या निम्म्या किंमतीच्या पुढें जाते, आणि पहिल्या दुलईंत फुकट गेलेलें कापड, मोडलेल्या सुया, उडालेली लव हें निराळेंच. श्रमाची मजुरी धरली तर धडधडीत तोटा. हा मुद्दा टीकाकाराला बिनतक्रार देऊन टाकावा. तो देऊन न टाकल्याचा परिणाम काय होतो तें अमेरिकेंतच घडून गेलें आहे. १९६६ सालीं कोलोरॅडो प्रांतांत डेल जॉन्सन नांवाच्या गृहस्थानें 'फ्रॉस्टलाइन' नांवाचा धंदा काढिला. कापलेलें कापड, दोरा, सूचना आणि आधींच तोलून छोट्या पुड्यांत भरलेली लव असा संच तो टपालानें पाठवी. घरच्या यंत्रावर अंगरखा किंवा निजावयाची पिशवी शिवून घ्यावी. १९७० नंतरच्या दशकांत हे संच घरोघर गेले. आईनें शिवलेला लवेचा अंगरखा घालून शाळेंत गेलेली एक पिढीच तिकडे आहे. त्यांचें मोठें आकर्षण होतें स्वस्ताई. पुढें आशियांतील कारखान्यांत शिवलेला माल इतका स्वस्त येऊं लागला कीं घरीं शिवण्यांतली बचत उरली नाहीं. बचत गेली, संच गेले, आणि त्यांच्याबरोबर तें कौशल्यही बहुतेक घरांतून गेलें. ज्या विद्येला बचतीच्या टेकूवर उभें केलें, ती तो टेकू काढतांच पडली यांत नवल काय?

म्हणून आम्हांस या उद्योगाचा कैवार घ्यावयाचा तो बचतीच्या नांवानें घ्यावयाचा नाहीं. हिशेबी टीकाकाराची चूक त्याच्या बेरजेंत नाहीं. ती त्यानें मांडलेल्या रकान्यांत आहे. तो शिवणाऱ्याचा प्रत्येक तास कचेरीच्या दरानें धरतो, जणूं काय रात्री दहानंतर कोणी धनी त्याचे तास विकत घेण्यास दारांत उभाच आहे. संध्याकाळीं घरीं बसून मनुष्य जें काहीं करतो तें सर्व या दरानें तोट्याचेंच ठरेल. मुलाला गोष्ट सांगणें, पेटी वाजविणें, आणि हें मासिक वाचणेंसुद्धां! शिवाय त्याच्या खातेवहींत शिकलेल्या विद्येला रकानाच नाहीं. दुलई जमेस धरली, हात तसेच राहिले. वस्तुतः पहिली दुलई झाली म्हणजे घरांत दोन गोष्टी नव्या आलेल्या असतात. एक दुलई, आणि दुसरा ती उसवून पुन्हां शिवूं शकणारा मनुष्य. शेकोटीची ठिणगी पडून कापडाला भोंक पडलें, तर विकत घेणारा चिकटपट्टी लावून वस्तु कारखान्याकडे धाडतो किंवा नवी घेतो. शिवणारा तो एक कप्पा उसवतो, ठिगळ देतो, चार ग्रॅम लव पुन्हां भरतो आणि त्याच आठवड्यांत अरण्यांत जातो. ज्या घरांत कोणालाच कांहीं उसवतां येत नाहीं त्या घरांत प्रत्येक मोडलेली वस्तु कचरा होते. असल्या घरांची संख्या आपल्याकडेही झपाट्यानें वाढत आहे. पलीकडच्या आळींतला पिंजारी आतां क्वचितच दिसतो, आणि गाद्या पिंजून पुन्हां भरतां येतात हें आपल्या मुलांना सांगितलें तर तीं आश्चर्यानें पाहतात.

हा झाला टीकाकार. आतां वकिलांकडे वळणें प्राप्त आहे. या उद्योगांत अमेरिकेंत पुरुषांचा भरणा मोठा आहे, आणि आम्हांस त्याचा आनंदच वाटतो. परंतु पुरुषानें सुई हातीं घेतली कीं भाषा कशी पालटते पाहा! आजीनें रजई शिवली तर तें घरकाम. नातवानें शिवली तर तें साधनसामग्रीचें संशोधन. आजीचा अंदाज म्हणजे 'हाताला लागलेली संवय'. नातवाचा अंदाज म्हणजे कोष्टक, आलेख आणि ग्रॅमचे दशांश. कित्येक लेखांतून तर असा सूर निघतो कीं, शिवणयंत्राचा शोध जणूं काल-परवां या मंडळींनींच लावला. एलियस हाउनें आपल्या यंत्राचें पेटंट १८४६ सालीं घेतलें व सिंगरनें १८५१ सालीं. तेव्हांपासून आजपर्यंत त्या यंत्रांपुढें रात्र रात्र बसून कोणीं डोळे फोडले याची आठवण कोणास नको काय? अमेरिकेंतच आलाबामा प्रांतांत जीझ बेंड म्हणून एक वस्ती आहे. गुलामगिरींतून सुटलेल्यांच्या वंशांतील तेथल्या स्त्रियांनीं फाटक्या कामाच्या कपड्यांच्या रजया पिढ्यान्पिढ्या शिवल्या, त्या थंडी वारण्यासाठीं. २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयानें त्या भिंतीवर टांगल्या तेव्हां विद्वानांना त्यांत कला दिसली. रजया त्याच होत्या; अंथरुणावरून भिंतीवर गेल्या एवढेंच.

आपल्याकडे हा भेद आणखी एका रेघेनें पडलेला आहे. शिंपी हा पुरुष, आणि त्याचें काम धंदा. तेंच काम घरांत स्त्री करी तेव्हां तें काम म्हणून गणलेंच जात नसे. जुनेर धुऊन, उन्हांत वाळवून, चौघडी घालून, दुपारच्या उन्हांत ओसरीवर पसरून चार बायकांनीं चार बाजूंनीं घातलेल्या धावदोऱ्याला ना मजुरी, ना नांव. या गोधडींत आणि न्हाणीघरांत दार लावून भरलेल्या त्या दुलईंत कामाची जात एकच आहे: आपल्या माणसाच्या पाठीला थंडी लागूं नये म्हणून केलेलें, मोजून न दिलेलें श्रम. मग एकीला संशोधनाचा मान आणि दुसरीला 'बायकांचा वेळ घालविण्याचा उद्योग' हें नांव कां? झोळीवाल्यांनीं आपल्या कोष्टकांच्या डोक्यावर आपल्या आज्यांचीं नांवें घालावीं, म्हणजे आमची तक्रार मिटेल. एमा गेटवुड नांवाची सदुसष्ट वर्षांची आजी १९५५ सालीं जॉर्जियापासून मेनपर्यंतचा ॲपलाशियन मार्ग एकटीनें चालून गेली. हा मार्ग आजच्या मोजणीनें सुमारें ३,५०० किलोमीटरांचा. तिच्या खांद्यावर होती ती जाड्या निळ्या कापडाची, घरीं शिवलेली थैली. ग्रॅमचे दशांश तिनें मोजले नव्हते.

दुसरी कैफियत याहून लंगडी. घरीं दुलई शिवणें म्हणजे निसर्गाच्या जवळ जाणें, असें हे लोक म्हणतात. कोणत्या निसर्गाच्या? कापड नायलॉनचें, म्हणजे खनिज तेलाचें, जाळी तशीच, दोरा तसाच. राहिली लव. ती हंसाची खरी. पण तो हंस मानससरोवरांतला नव्हे. जगांतील बहुतेक लव मांसासाठीं पाळलेल्या बदकांपासून व हंसांपासून येते, आणि तिचा सर्वांत मोठा उत्पादक देश चीन आहे. युरोपांत हंगेरी व पोलंड येथील हंसांच्या लवेला मोठा मान. त्या मानाखालीं काय दडलें होतें तें २००९ सालीं स्वीडनच्या एका दूरचित्रवाणीनें उघडें केलें: जिवंत हंस मांडींत दाबून त्यांच्या छातीवरची लव ओरबाडली जाते, आणि ती पुन्हां वाढली कीं पुन्हां ओरबाडली जाते. पुढील वर्षीं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें या प्रकाराची चौकशी करून मत दिलें. २०१४ सालीं 'रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड' म्हणून एक प्रमाणपत्र निघालें; त्यांत जिवंत पक्ष्याची लव काढणें आणि नळीनें बळेंच खाद्य कोंबणें या दोन्हींस मनाई असून शेतापासून दुकानापर्यंत मालाचा माग ठेवण्याची अट आहे. आइसलंडांत याउलट एक रीत आहे. तेथील रानटी समुद्री बदक आपल्या छातीची लव स्वतःच उपटून घरट्यांत अंथरते, आणि शेतकरी ती घरट्यांतून गोळा करतात. पण एका किलोला साठेक घरटीं लागतात, म्हणून ती राजेरजवाड्यांच्या शय्येखेरीज कोठें पोंचत नाहीं.

हंसाचा हा आक्षेप आम्हांस सर्व आक्षेपांत खरा वाटतो, आणि हिशेबी टीकाकाराला तोच सुचत नाहीं हें त्याच्या हिशेबाचें वैशिष्ट्य! घरीं शिवणारा यांतून निर्दोष सुटतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याची एक अडचण होते आणि ती त्याच्या हिताची आहे. त्याला लव लव म्हणूनच घ्यावी लागते. ती दोन कापडांच्या आंत शिवलेली, वर रंगीत चिठ्ठी लावलेली अशी त्याच्या हातीं येत नाहीं. तो ती पिशवींतून मुठीनें काढतो, बोटांना चिकटते, श्वासाबरोबर उडते. ती कोणाच्या तरी छातीवरची आहे हें विसरण्याची सोय त्याला नाहीं. ज्याला असें असूनही ती कोठून आली हें विचारावेंसें वाटत नाहीं त्यानें शिवणयंत्र मिटवून ठेवावें हें बरें. आणि लवेवांचून गत्यंतर नाहीं, हें तरी कोठें खरें आहे? रे जार्डिन यानें १९९० नंतरच्या दशकांत पिशवीऐवजीं घरीं शिवलेली दुलई पांघरण्याचा पुरस्कार मोठ्या हिरीरीनें केला, आणि त्याच्या दुलया कृत्रिम तंतूंच्या. त्या तंतूंचा थर सलग असतो. कप्प्यांची कटकट नाहीं, ओला झाला तरी लवेसारखा गोळा होऊन बसत नाहीं. दोष हा कीं, तेवढ्याच उबेला वजन अधिक पडतें, आणि वर्षानुवर्षें दाबून बांधल्यानें तो लवेपेक्षां लवकर बसतो. दुसऱ्या महायुद्धांत जावाचा सांवरीचा कापूस मिळेनासा झाला तेव्हां अमेरिकेंतील शाळकरी मुलांनीं रुईच्या जातीच्या झुडुपाचीं बोंडें गोळा केलीं, आणि त्यांतील रेशमी तंतू खलाशांच्या तरंगत्या जाकिटांत भरले गेले. आमच्याकडे सांवरीच्या कापसाच्या उशा अजून कोठें कोठें आहेत. असल्या तंतूंची दुलई ग्रॅमांच्या शर्यतींत हरेल. पण शर्यत लावण्यास सांगितलें कोणीं?

आमच्या मतें या उद्योगाचा सर्वांत सन्मान्य प्रकार निराळाच आहे, आणि त्याचा गाजावाजा सर्वांत कमी होतो. कांहीं लोक जुन्या बाजारांतून टाकून दिलेल्या लवेच्या रजया व अंगरखे घेतात, उसवतात, आंतली लव धुऊन वाळवतात आणि तीच नव्या कापडांत भरतात. लव नीट जपली तर कित्येक दशकें टिकते. कापड तिच्या आधीं जातें. अशा लवेची प्रत आठशेंची नसते, म्हणून तोळे-दोन तोळे अधिक भरावी लागते. त्याकरितां नवा हंस लागत नाहीं. जुन्या लुगड्यांतून गोधडी काढणाऱ्या आमच्या बायकांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. 'मग इतके दिवस दुसरें काय करीत होतां?' असें त्या विचारतील.

हें वाचून कोणी उत्साही तरुण सह्याद्रींत आषाढांत लवेची दुलई घेऊन झोळी टांगण्यास निघेल, तर त्याला वेळींच थांबविलें पाहिजे. ओली लव म्हणजे ओल्या भाताचा गोळा. राजमाचीच्या धुक्यांत ती तीन दिवस वाळणार नाहीं. त्या ऋतूंत तेथें कृत्रिम तंतूंची दुलई चालेल, किंवा छप्पर असलेल्या घरांत गोधडी. हिंवाळ्यांत हिमालयाच्या पायथ्याशीं, जेथें झाडें आहेत आणि हवा कोरडी आहे, तेथें लवेचा अनुभव घ्यावा. पहिली दुलई नव्या लवेची करूं नये. एखादा जुना, फाटका लवेचा अंगरखा मिळवावा, त्याच्या बाह्या उसवाव्या, आणि त्या लवेंत मावेल एवढी लहान दुलई, फार तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची, शिवून पाहावी. न्हाणीघराचें दार लावतांना खिडकीही लावून घ्यावी.